बाजूला

मी आरोपी नंबर चार.
तीन नंबर झुलेखा होडेकर, पाच नंबर सुगंधा नाटेकर.
बाकीच्या सहाजणी बाकावर मावत नाहीत,
जिन्यात बसतात,
पुकारा झाला की चपला शोधत धावतात.

गुन्हा : बेकायदा जमाव.
जमाव तर आमचा रोजचाच, पहाटे चारपासून,
मिरकरवाड्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये
एका लांब स्टीलच्या टेबलाला चाळीसजणी,
समोर बर्फात कोळंबी.
त्याला कधी कुणी जमाव म्हटलं नाही.
फाटकाबाहेर अर्धा तास उभ्या राहिलो,
किलोमागे दोन रुपये वाढवा म्हणालो,
तेव्हा झाला.

ठाण्यात अंगठे घेतले.
शाई लावली, दाबला, पुसला, पुन्हा दाबला.
कागदावर नुसता काळा डाग, रेघ एक नाही.
बर्फानं नि कवचांनी कधीच्या पुसून नेलेल्या.
हवालदार चिडला, "पुराव्याशी छेडछाड करता काय?"
सुगंधा म्हणाली, "छेडछाड झालीच आहे, साहेब.
कुणी केली तेवढं लिहा."
त्यानं लिहिलं नाही.

सातव्या तारखेनंतर पाकीट आलं.
पोस्टमन दोनदा घर चुकला,
पत्त्यावर होडेकरचं ओदेकार झालेलं.
पुएर्तो मोंत, चिली.
तिथल्या बायकाही मासा कापतात,
आतून गाजराच्या रंगाचा, आम्ही न पाहिलेला.
समुद्रही आपला नव्हे तो, भाचा म्हणाला, दुसराच.
त्यानं मोबाईल कागदावर धरला,
मोबाईलनं मराठी केलं :
आम्ही तुमच्या बाजूला उभ्या आहोत.

"बाजूला?" सुगंधा हसली.
"म्हणजे वाटेतून बाजूला?
तशा तर आपल्या वाडीतल्याही पुष्कळ उभ्या आहेत."
खरंच होतं ते. तारखेच्या सकाळी
माझी सख्खी जाऊ खिडकी लावून घेते.

पाकिटात हात होते.
शाळेत पोरं काढतात तसे,
कागदावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवलेले.
अकरा. प्रत्येकाच्या आत नाव.
आम्ही एकेकीनं आपला ठेवून पाहिला.
मला आला रोसाउराचा.
त्याच्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं,
पेन्सिल तिथं अडलेली, दोनदा फिरलेली.
माझं बोट रेघेच्या बाहेर राहिलं
आणि उगाचच मला लाज वाटली,
अख्खं असल्याची.

झुलेखा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "बाजूला म्हणजे काय गो?
चार वाजता तू माझ्या बाजूला असतेस.
तुझं कोपर मला लागतं.
मुकादम वळला की माझ्या टोपलीत
मूठभर टाकतेस, माझा ताप असला तर.
तेच ते."

शिमग्यानंतर दुसरं पाकीट.
यात हात नव्हते.
रोसाउरावर खटला भरलाय,
रस्ता अडवला म्हणून.
तारीख पडली आहे.
या शब्दाला मोबाईल जरासुद्धा अडखळला नाही.

गेल्या वर्षाचं कॅलेंडर उतरवलं, पानं उलटी केली,
मागच्या कोऱ्या बाजूला हात ठेवले, नऊजणींनी.
पेन्सिल एकच, ती सुरीनं तासत तासत.
काय लिहायचं यावर भांडण झालं.
भाचा म्हणाला, एकजूट वगैरे लिहा, चांगलं दिसतं.
सुगंधा म्हणाली, लिही :
डबा घेऊन जा. पुकारा उशिरा होतो.
वकील काय बोलतो ते कळलं नाही तर पुन्हा विचार,
लाजू नकोस. चप्पल हाताशी ठेव.

खाली मी माझ्या अक्षरात : बाजूला आहोत.
मोबाईल त्याचं तिकडे काय करील, करो.

पोस्टात कारकुनानं पाकीट काट्यावर ठेवलं,
नाकाशी नेलं.
"आत मासळी आहे काय?"

नाही म्हटलं.
हात आहेत.