अधिक चिन्ह

तुर्भे स्टोअरच्या मागे, खदानीच्या पायथ्याशी
अंगणवाडीच्या पत्र्याखाली टेबल मांडलं.
एकशे बारा माणसं फुंकून गेली नळीत.
"जोरात, अजून, सोडू नका, सोडू नका –"
तिसऱ्या दिवशी माझाच घसा बसला.

एका रकान्यात खदानीतली वर्षं.
दुसऱ्यात श्वास,
वयाउंचीच्या हिशेबानं किती टक्के भरला तो.

रात्री सानपाड्याच्या खोलीवर
दोन्ही रकाने एकमेकांना लावून पाहिले.
सहसंबंध : शून्य पूर्णांक एकतीस.
मी वजा चिन्ह शोधत राहिले.
स्क्रीन पुसली ओढणीनं.
नव्हतंच.

म्हणजे जितकी जास्त धूळ, तितकी छाती भक्कम?
विडी वजा केली, चूल वजा केली,
अधिक काही हटेना.
आणि पी-व्हॅल्यू तर
कडक इस्त्रीच्या शर्टासारखी.
"सिग्निफिकंट आहे ना?" सर फोनवर म्हणाले,
"मग लिहून टाक. वेगळं आहे, छापतील."

रविवारी परत गेले, यंत्र न घेता.

तिप्पण्णा धोत्रे, सव्वीस वर्षं, सत्त्याण्णव टक्के,
माझ्या आलेखातला सगळ्यात उजवीकडचा, वरचा ठिपका,
घणाच्या दांड्याला तेल चोळत बसला होता.
तुमच्याबरोबर आलेले बाकीचे कुठं असतात?
तो पेरांवर मोजू लागला.
हणमंतू – खोकला धरला, जतला गेला.
दुर्गव्वाचा नवरा – आडवं होता येईना,
बसूनच झोपायचा. इंडीला पोचवला.
भीमशा. भीमशाचा भाऊ.
मुकादमाचा मेव्हणा, नाव आठवेना त्याचं.
एका हाताची पेरं संपली, दुसऱ्याची संपत आली,
मग त्यानं हात लुंगीला पुसले.
"दम गेला की खदान सोडावीच लागते, बाई.
इथं बसून खाणार काय?"

समोर क्रशर बंद होता, रविवार म्हणून.
पिंपळाची पानं तरीही पांढरी.

"माझं किती आलं?"
सत्त्याण्णव.
"शंभरातले?" तो हसला, खोकला न येता.
"शाळेत पस्तीस पडले नाहीत कधी.
मग खदान मानवली म्हणायची आम्हाला.
धाकट्याला आणतो आता दिवाळीनंतर."

नको, म्हटलं मी. एवढ्या मोठ्यानं
की त्याची बायको बाहेर आली.

का नको, ते सांगायला
माझ्या फाइलीत एकशे बारा ओळी होत्या,
आणि एकीतही
हणमंतू नव्हता.