खालून दुसरं बटण

काल्यो, कोट त्या खुंटीला अडकवा.
कवळी या डबीत. हो, आत्ताच.
लाजू नका, दुपारपर्यंत माझ्याकडे
अशा चार तरी जमतात.

पोटात काही नाही ना?
"कॉफी," म्हणता, "पहाटे पाचला. काळी."
दूध?
"नव्हतं."
साडेअकरा वाजलेत, चालेल मग.
उपाशी राहा म्हणतो ते छळायला नव्हे:
अन्न वर आलं तर श्वासाच्या वाटेला लागतं,
आणि भरल्या पोटात डॉक्टर त्रोफिमोवांना
तुमचं जेवण दिसेल, तुम्ही नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या?
नुसती मान नका हलवू, तोंडाने सांगा.
मागे एक बाई सांगायच्या विसरल्या,
चिमटा न उघडताच त्यांना परत पाठवावं लागलं.
दुसऱ्या एकाने आपल्याच मनाने बंद केल्या होत्या,
ते तर त्याहून वाईट.

चाळीस वर्षं विल्यांदीतली धुराडी झाडलीत तुम्ही,
आजही एक झाडून आलात.
दोरीला लोखंडी गोळा, त्यावर तारेचा ब्रश,
छपरावर ओणवं होऊन अंधारात बघणं.
म्हणून विचारताय, नळी केवढी जाड?
माझ्या करंगळीहून बारीक. टोकाला दिवा आणि डोळा.
"म्हणजे आज धुराडं मी."
आणि डॉक्टरबाई, ज्या सहसा हसत नाहीत,
हसल्या.

हा फवारा. केळ्याच्या चवीचा म्हणतात,
असं केळं मी कुठल्या झाडावर पाहिलं नाही.
मिनिटभरात घसा परका होईल,
गिळलं तरी गिळल्यासारखं वाटणार नाही.
श्वास मात्र चालूच असतो.
त्याची वाट वेगळी, नळीची वेगळी.
दहादा सांगते, कारण नळी घशाशी आली
की माणूस पहिलं हेच विसरतो.

गुंगीचं इंजेक्शन नको म्हणालात.
घेतलं असतं तर उद्यापर्यंत गाडी नाही,
शिडी नाही, कुठल्या कागदावर सही नाही,
आणि घरी न्यायला कुणीतरी हवं.
"कुणीतरी" या शब्दावर तुम्ही खिडकीकडे पाहिलंत.
मी पुढे विचारलं नाही.

डाव्या कुशीवर. गुडघे जरा पोटाशी.
ही कडी हिरड्यांत धरा.
लाळ गिळू नका, वाहू दे, खाली टॉवेल आहे.
आता एकदा गिळा.
आता.
उबळ येईल, येऊ दे. डोळ्यांना पाणी येईल,
ते रडणं नसतं.
आत हवा भरतायत, ढेकर येईल, माफी नको.
नाकाने. लांब. माझ्या हाताबरोबर.

सात मिनिटं.
पडद्यावर ओली गुलाबी भिंत, घड्याघड्यांची,
आणि खालच्या वळणाशी एक लालसर डाग, नखाएवढा.
चिमटा उघडला, मिटला. पुन्हा. पुन्हा.
तुम्हाला कळलं नाही, तिथे दुखत नसतं.
मला कळलं.
वीस वर्षांत डाग बघायची सवय होते,
आणि बघून चेहरा तसाच ठेवायचीही.

झालं. उठू नका लगेच.
घसा जागा होईस्तोवर तासभर पाणीसुद्धा नको,
मग एक घोट, गार. कॉफी नंतर.
आवाज घोगरा राहील, पोट फुगेल, ते चालायचंच.
पण कळ थांबेना, ताप चढला, उलटीत रक्त दिसलं,
किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं,
तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही.
काळ्यातले प्रकार तुम्हाला मी काय शिकवणार.

"काजळी होती का?"
डॉक्टर म्हणाल्या, थोडी लाली आहे,
तुकडे तपासायला दिलेत, दोन आठवडे लागतील.
त्याहून जास्त त्यांनाही माहीत नव्हतं.
बाटलीवर तुमचं नाव मी लिहिलं.
एक अक्षर पुसट वाटलं, म्हणून पुन्हा गिरवलं.

आमच्याकडे म्हणतात, धुराडेवाला दिसला
तर त्याच्या कोटाचं बटण शिवावं, नशीब फळतं.
तुमच्या नशिबासाठी कुणी काय शिवायचं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.
तुम्ही पाठमोरे, टॉवेलने तोंड पुसत होता.
खुंटीवर कोट. पितळी बटणं, दुहेरी रांग.
मी खालून दुसरं शिवलं.
गार होतं.

काल्यो, थांबा,
कवळी राहिली.