दिव्यातला बुधवार

अनंत म्हणजे अनंत, म्हणाले उत्तमराव हिवाळे,
बोट वचनावर, चष्मा कपाळावर.
त्या ग्रीक शब्दाचा अर्थ युगही होतो,
शलमोन पुटपुटला, सेमिनरी अर्धी सोडलेला.
मग राख होऊन संपणार,
की शुद्ध होऊन बाहेर येणार?

सकवारबाई ओहोळ चहा गाळत होत्या.
धाकटा त्यांचा दारूत गेला,
बाप्तिस्म्याला नाही म्हणत.

डम्पिंगवर मी सोळा वर्षं होते, त्या म्हणाल्या.
बंबानं पाणी मारलं तरी आतून धुमसायचं.
पण त्याच ढिगावर
टोमॅटो यायचे. कुणी न लावलेले.

खायचे का ते?
हिवाळ्यांनी विचारलं, बऱ्याच वेळानं.

आम्ही खायचो,
म्हणत त्यांनी हिवाळ्यांच्या कपात
दोन चमचे साखर घातली,
त्यांना चालत नाही हे विसरून.