पन्नास ग्रॅम

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी सितोळे मॅडमनी
मला एकही आजार दाखवला नाही.
निरोगी छाती, निरोगी पोट, म्हशीचा निरोगी खूर,
शेळीचं, घोडीचं, पामेरियनचं निरोगी सगळं.
"हजार बघ. मग एक दिवस
दारात अनोळखी चपला दिसाव्यात तसं होईल.
कुणी आलंय, एवढंच कळेल."

हवा काळी, धातू पांढराशुभ्र,
मधे चरबी, पाणी, हाड.
आमची पंचमहाभूतं एवढीच,
आणि भांडणं सगळी करड्यातली.

माणसाला म्हणता येतं, श्वास धरा.
कुत्र्याला काय म्हणणार?
शिशाचा एप्रन घालून
(पाच किलो, उन्हाळ्यात दहा)
बरगड्यांकडे बघत उभं राहायचं,
श्वास आत जाऊन परत फिरतो
त्या फटीत बटण दाबायचं.

घरी, चिटणीसांच्या गोठीत,
आई शेजारणीला सांगते, मुलगी ढोरांचे फोटो काढते.
मी दुरुस्त करत नाही.

ग्वाल्हेरची थंडी ऐन भरात होती
तेव्हा दौलतगंजातले किशोरी राठौर आले,
स्वेटरला तीळ चिकटलेले, काखेत रेवडी.
रेवडी म्हणजे कुत्री.
"गजक तोलायचं माप गिळलं हिने. पन्नास ग्रॅमचं."
फिल्मवर ते असं उजळलं
की आकडे वाचायचेच बाकी होते.
आम्ही सगळे हसलो. टेक्निशियन बघेल म्हणाला,
"रिपोर्टात वजनही लिहून टाका."
मी रुबाबात लिहिलं: जठरात धातूची वस्तू.
दुर्बिणीने माप निघालं.
राठौरांनी किलोभर गजक पाठवली.
खाल्ली.

वैशाखात रेवडी खोकत आली.
मॅडमनी नवी फिल्म लावली,
मग काही न बोलता शेजारी जानेवारीची.
पोटाचीच होती ती,
पण डावीकडे वर, अगदी कोपऱ्यात
फुप्फुसाचं टोक आलं होतं,
आणि त्या टोकात वाटाण्याएवढा डाग,
गोल, सभ्य,
चपला काढून आत येऊन बसलेला.
"तू मापावर थांबलीस," मॅडम म्हणाल्या.
"एक सापडलं की डोळे घरी जातात.
माझेही गेले होते. जबलपूरला, एका घोड्यावर."
घोड्याचं पुढे काय झालं ते सांगितलं नाही.

बाहेर बाकावर राठौरांनी विचारलं,
"तेव्हाच दिसलं असतं तर?"
माझ्याकडे वाक्य तयार होतं,
तरी फार फरक पडला नसता.
खरंही असेल कदाचित.
मी म्हटलं, "तेव्हाही होतं. मी पाहिलं नाही."

ते बराच वेळ रेवडीचा कान चोळत राहिले.
मग भलतंच बोलले.
"ते माप आहे अजून. पोटातल्या तेजाबाने खाल्लंय थोडं.
अठ्ठेचाळीस भरतं."
"बदललं नाहीत?"
"हिच्या पोटातून आलेलं, फेकू कसं?
त्यानेच तोलतो.
वर एक रेवडी टाकतो."

रेवडी गेली ती आषाढात. मला आठ दिवसांनी कळलं.

आता मी कोपऱ्यांपासून सुरुवात करते.
चारी कोपरे, मग कडा, मग कातडीची रेघ,
कण्याचा एकेक मणका,
मधलं चकाकणारं सगळ्यात शेवटी.
बघेल कुरकुरतो, चहा थंड होतो तुमचा.

आज रात्री एक मांजर आलंय, शिवणाची सुई गिळून.
सुई दिसतेय.
खोलीच्या दारातूनच दिसतेय.
मी अजून डाव्या कोपऱ्यात आहे.