अखर्चित रक्कम

अर्जात पहिलाच रकाना: संस्थेचे नाव.
आमची संस्था नाही, ओटा आहे.
बर्फाच्या कारखान्यामागे, पूर्वी इथे बांगडा खारवायचे,
दमट हवेत अजून दगडातून मीठ फुटतं.
तौसीफ म्हणाला, मग ओटाच लिही.
लिहिलं: ओटा युवा मंडळ, देवगड बंदर,
आणि नोंदणी क्रमांकापुरता
वाडीतल्या क्रिकेट मंडळाचा उसना घेतला.

समस्येचे स्वरूप. मर्यादा शंभर शब्द.
जून-जुलै बंदी. होड्या झापांखाली.
विशी-बाविशीतले खलाशी दुपारी दोनला उठतात,
फोन पालथा ठेवतात,
कर्ज वसूल करणाऱ्यांचा आवाज जमिनीत जिरावा म्हणून.
प्रणित केळुसकर हसतो फार.
जो फार हसतो त्याच्याकडे आम्ही आता नीट बघतो.
हे का, ते शंभरात बसेना.
म्हणून लिहिलं, मागील वर्षी वाडीत एक घटना घडली.
घटना.
गौरांग मुणगेकर तिचं नाव.
त्याची जाळं विणायची सुई
कारखान्याच्या हिशेबवह्यांसोबत माझ्या कपाटात आहे.

उपक्रमाचा तपशील.
तिन्हीसांजेला बसतो. एक किटली.
येईल त्याला एवढंच विचारायचं, दिस कसो गेलो?
'गेलो' म्हणाला तर पुढे विचारायचं नाही,
त्याच्या बाजूला सरकून बसायचं.
मांडीवर जाळं असेल तर बरं.
हात गुंतले की जीभ सुटते,
हे ओरोसच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं मागाहून,
माझ्या आईने आधीच.

लाभार्थी संख्या: सतरा.
पण ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला
पाठ करून उभे राहतात, त्यांचं काय?
विडीचा ठिपका दिसतो. खोकला ऐकू येतो.
तीन ठिपके. कधी चार.
त्यातला एक, मला वाटतं, गौरांगचा बाप.
वयोगट पंधरा ते एकोणतीस, असं छापलंय.
मी वीस लिहिलं.

अंदाजपत्रक.
चहा-साखर दरमहा बाराशे. चटया दोन. बल्ब.
ओरोसची एसटी, तिकिटं दोघांची,
एकट्याला पाठवायचं नाही.
रात्रभर चालू ठेवायच्या फोनचं रिचार्ज
कुठल्याच शीर्षात बसेना, 'इतर'मध्ये टाकलं.
तो फोन उशाशी घेऊन जागणाऱ्याला
कुठलाच रकाना नव्हता.

शिमग्याआधी पैसे आले, मागितल्याच्या साठ टक्के,
सोबत एक बॅनर.
फोटोत दिसला पाहिजे. चेहरे प्रसन्न हवेत.
पोरं बसेनात. हात काढ म्हणाली.
सतरा जोड्या हात, सुया, निळा दोरा,
मागे बॅनर. पाठवला तसाच.
पावसाळ्यात ताडपत्री फाटली तेव्हा
त्याच बॅनरचं ठिगळ लावलं,
देणाऱ्यांचं नाव आतल्या अंगाने.
प्रणित आडवा पडून ते उलटीकडून वाचतो,
आणि आता हसतो कमी.
हे चांगलं की वाईट, अजून ठरलं नाही.

पुन्हा मार्च. विनियोग प्रमाणपत्र.
चटईची पावती आहे, बल्बची आहे, एसटीची आहे.
चहाची नाही.
बाबी मिठबावकर टपरीवरून किटली भरून देतात,
हिशेब काढला की म्हणतात, मागीर बघया.
काल मी हटून बसले.
तर बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
कोळशाने लिहून दिलं:
पोरांका चाय. पैसे नको.

म्हणजे आठ हजार सहाशे चाळीस रुपये
जसेच्या तसे, व्याजासकट परत,
आणि शेवटच्या रकान्यात कारण द्यायचं,
रक्कम अखर्चित का राहिली.
पुठ्ठा झेरॉक्सला नेला. कोळसा उठत नाही,
नुसता करडा डाग येतो.

दोनदा लिहून खोडलं.
बाहेर किटलीचं झाकण वाजतंय, बसायची वेळ झाली.
अर्ज दगडाखाली ठेवते.
होडीपाशी आज ठिपके दोनच आहेत.
कोण नाही, बघून येते.