इनबॉक्स फुल

निपाणीत जुन्या स्टँडसमोर राजेसाब बागवानच्या दुकानात
काचेखाली तेव्हा तीनच जाती :
टॉर्चवाला, कॅमेरावाला, आणि चायनाचा,
ज्याला दोन सिमं, चार स्पीकर
आणि गॅरंटी उंबऱ्यापर्यंत.

खपायचा टॉर्चवालाच.
रबरी बटणं,
तंबाखूच्या वखारीत पडला तरी शिंकत नाही.
विड्या वळणाऱ्या बायका भिशी लावून घ्यायच्या,
शनिवारी मजुरी झाली की एकीचा नंबर,
आणि राजेसाब प्रत्येकीला कव्हर फुकट द्यायचा,
ज्याचे पैसे त्यानं आधीच धरलेले असायचे.

मी काउंटरमागे, एकोणीस वर्षांचा :
थिनर, चिमटा, दाताचा जुना ब्रश.

हौसाक्का शिंत्रे आली.
"वाजंना झालाय बघ."
उघडला. स्पीकरच्या जाळीत जर्दा.
ब्रश मारला, बॅटरी बसवली, वाजला.
वर कोपऱ्यात पाकीट लुकलुकत होतं,
इनबॉक्स फुल.
सवयीचा हात. कंपनीचा कचरा म्हणून
न वाचता सगळे उडवले,
आणि हँडसेट मोकळा करून तिच्या हातात दिला,
वर म्हटलं, नव्यासारखा झालाय.

वाचता येत नव्हतं तिला,
बटणांची वाट पाठ होती :
मधलं, खालचं, मधलं.
"माझं सतरा कुठं गेलं?"
"कसलं सतरा?"
"पुलावर टुंग करून येत्यात की ती.
लेकीकडं कागलला जाताना.
सतरा डाव गेलोय मी."

दूधगंगा ओलांडली की आमचा टॉवर हात सोडायचा,
पलीकडचा धरायचा,
आणि इंग्रजीत मेसेज : महाराष्ट्रात स्वागत,
इथून पुढे दर वेगळे.
आम्ही शिव्या द्यायचो त्याला,
उचललेल्या कॉललाही पैसे पडायचे.
सीमेच्या मोर्चात लाठ्या खाल्लेले दादोबा मास्तर म्हणायचे,
आम्हाला पन्नास वर्षांत जमलं नाही
ते ह्या डबड्यानं पुलावर केलं,
अन् वर बॅलन्स कापला.

"मशीनमधी हायत, अक्का. उद्या काढून देतो."
सिम, फोन, दोन्ही ठेवून गेली बिचारी.

रात्री राजेसाबची एम-एट्टी काढली.
कोगनोळी गेलं, पूल आला, पूल संपला,
काही नाही.
हँडसेट जुन्या टॉवरला चिकटून बसलेला
माहेरी आलेल्या पोरीसारखा.
बंद केला, चालू केला.
टुंग.
मागं फिरलो. बंद, चालू.
कर्नाटकानंही स्वागत केलं,
ते पुसलं.
परत पूल.
उसाच्या ट्रॅक्टरवरून एकजण ओरडला,
"काय हरवलं बे?"
"मेसेज," म्हटलं.
त्यानं गाणं मोठं केलं आणि गेला.

पाचव्याला बॅटरी पडली.
खाली नदी होती, दिसत नव्हती,
कुठल्या बाजूला उभा आहे
तेही सांगायला आता काही नव्हतं.

सकाळी तिनं बोट फिरवलं. मधलं, खालचं, मधलं.
एक, दोन, पाच. पुन्हा वर जाऊन पाच.
"बाकीची?"
"गेली, अक्का."
गप्प बसलो असतो तर चाललं असतं,
पण पाचांवर तारीख एकच होती,
आणि तिला वाचता येत नाही हेच मला बोचत होतं.
सांगितलं. पुसल्याचं, पुलाचं, सगळं.

राजेसाब गिऱ्हाइकाला चायनाचा दाखवत होता,
चारी स्पीकर एकदम, कान फाटेपर्यंत.
त्यात ती काय पुटपुटली ऐकू आलं नाही.
तीस रुपये काचेवर ठेवले,
नोटांना जर्द्याचा वास.
फोन कनवटीला लावला, दोन पायऱ्या उतरली, थांबली.

"एवढं पुलापातूर गेलास,
मग म्होरं जाऊन
तिच्याकडं चा तरी पिऊन यायचास, लेकरा."