एकेचाळीस नंबरचा पाय

मेल आला तेव्हा मी कळव्याच्या कॅज्युअल्टीत
एका म्हाताऱ्याचं बीपी घेत होते.
अभिनंदन, आपलं पोस्टर स्वीकारलं आहे.
पट्टा फुगत गेला, पारा बघायचा राहिला,
म्हातारा म्हणाला, बाई, हात जाईल की माझा.

गुवाहाटी. तीन दिवस.
नोंदणी साडेनऊ हजार, विद्यार्थ्यांना सवलतीत आठ.
विमान, राहणं, खाणं वेगळं.
गळ्यात अडकवायची दोरी तेवढी फुकट.

माझं संशोधन म्हणजे पाय.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातले साखरवाले माथाडी,
एकशे सदतीस माणसं, दोनशे चौऱ्याहत्तर पाय,
नाही, त्र्याहत्तर.
बाजीनानांचा एकच उरलाय, ते आता नुसती पट्टी लिहितात.
पहाटे, गाड्या लागायच्या आधी,
मी नायलॉनचा तंतू एकेका तळव्याला टेकवायचे.
डोळे मिटून पुरुष सांगायचे, लागलं. लागलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
त्या गप्प बसण्याचा मी तक्ता केला.

एकेचाळीस नंबरचा पाय आबांचा.
वहीत नाव नाही, नावं लिहायची नसतात,
पण टाचेची ती भेग मी चालायला लागल्यापासून ओळखते.

ऑफिसातल्या गोडांबेबाई चांगल्या आहेत.
म्हणाल्या, मिळतात ना पैसे, नियमच आहे,
आधी जाऊन ये, बिलं जोड, बोर्डिंग पास जोड,
सहा-आठ महिन्यांत येतात.
म्हणजे खाडी आधी पार करा,
पुलाची मंजुरी मागून येईल.

ईशानीचे बाबा वाशीत हाडांचे डॉक्टर.
ती म्हणाली, अगं मी चाललेच आहे, तुझंही लावते की.
तिच्या मनात खोट नव्हती.
असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

रात्री कोपरखैरणेच्या खोलीत हिशेब मांडला,
रुपयांत नाही, गोण्यांत.
पन्नास किलोची एक. आठ हजार म्हणजे किती.
मग विमान. मग दोन रात्री.
आकडा आला तो इथे लिहीत नाही.
एवढंच, की तेवढं ओझं मानेवरून उतरेस्तोवर
माझ्या तक्त्यातला एक पाय
वरच्या रकान्यातून खालच्या रकान्यात जाईल
आणि टक्केवारी दशांश चिन्हापुढे जरा हलेल.

आबा म्हणाले, पतपेढीतून उचलतो.
मी म्हटलं, तारीख गेली.
तारखेला अजून चार दिवस होते.

फ्लेक्स मात्र छापलं, मुस्तकीमकडे,
कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरशेजारी
उरलेल्या कापडावर. पैसे घेईना,
म्हणाला, तेवढं वायाच जाणार होतं.
नळीत गुंडाळून ते ईशानीबरोबर विमानात बसलं.
तिने फोटो पाठवला. पोस्टर सरळ, उजेड छान,
समोर कुणीच नाही. जेवणाची वेळ असावी.

परत आलं तेव्हा आबांनी मला न विचारता बाजारात नेलं,
गाळ्यापुढे सुतळीनं बांधलं.
सगळं इंग्रजीत. मी मराठीत सांगत गेले,
तिथे सात मिनिटं मिळणार होती, इथे चहा दोनदा झाला.
बाजीनाना म्हणाले, झ्याक आहे पोरी,
पण हे त्या गुवाहाटीच्या मंडळींना कळलं
तर आमच्या पायाला कसं कळायचं?
परीक्षकांनी असलं काही विचारलं नसतं.
मी सुतळीची गाठ सोडत राहिले.

घरी आल्यावर आबा कॉटवर बसले, चप्पल काढली.
बघ परत एकदा, म्हणाले, वर्ष झालं.
डोळे मिटले.
मी पिशवीत तंतू शोधत होते,
अजून वाकलेसुद्धा नव्हते,
आणि आबा म्हणाले, लागलं.